एन्साइन म्हणजे झेंडा की ऑफिसर? उरण-नेरुळकडून जहाजं बघणाऱ्यांसाठी माहिती

एन्साइन हा शब्द आपल्याकडे दोन वाटांनी येतो. एक म्हणजे बातम्यांतून, २०२२ ला विक्रांत नौदलात दाखल झाली तेव्हा सगळीकडे "नौदलाचा नवीन एन्साइन" असं छापून आलं होतं आणि सोबत झेंड्याचा फोटो होता. दुसरी वाट म्हणजे अमेरिकन नेव्हीवरचे सिनेमे आणि सिरीज, तिथे कॅप्टन कुणा विशीतल्या पोराला "एन्साइन, रिपोर्ट" असं म्हणतो आणि तो पोरगा खाडकन उभा राहतो. मग नक्की काय, झेंडा की माणूस? दोन्ही बरोबर आहे. आणि हे दोन अर्थ एकत्र कसे आले ते एकदा कळलं की जहाजावरचे झेंडे आणि खांद्यावरच्या पट्ट्या, दोन्ही वाचायला खूप सोपं जातं.

मी हे मुख्यतः तीन जणांसाठी लिहितोय. उरणच्या मोरा जेट्टीहून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँचने जाणारे, ज्यांना वाटेत जहाजं दिसतात पण कुठल्या देशाचं काय ते कळत नाही. एनडीए किंवा एसएसबीची, म्हणजे सैन्यात ऑफिसर होण्यासाठीच्या निवडीची, तयारी करणारी ठाणे-नवी मुंबईतली पोरं. आणि जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या, आसपास कामाला असलेले लोक, जे रोज कंटेनरवाली जहाजं बघतात.

आधी शब्दाचं मूळ

लॅटिनमध्ये इन्सिग्निया म्हणजे खुणा, चिन्हं. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये झालं आन्सेन्य आणि तिथून इंग्रजीत एन्साइन. म्हणजे मुळात अर्थ फक्त "खूण". लढाईत आपला कोण, परका कोण हे लांबून कळायला जी खूण वर धरायची ती कापडाची असायची म्हणून खुणेचा अर्थ झेंडा झाला. आपल्याला हे समजायला काही जड नाही कारण आपल्याकडे निशाणी आणि निशाण हे शब्द अगदी असेच शेजारी बसलेत, निशाणी म्हणजे खूण आणि निशाण म्हणजे झेंडा, दोन्ही एकाच फारसी शब्दाची लेकरं.

आता झेंड्यावरून माणसावर कसे आलो? पायदळाच्या प्रत्येक तुकडीचा एक झेंडा असायचा आणि तो धरायला एक जण नेमलेला असायचा. धूळ, धूर, गोंधळ यात शिपायांनी त्या झेंड्याकडे बघून जमायचं, त्यामुळे तो पडू देणं म्हणजे तुकडी विस्कटणं. असं काम नवख्या पण खानदानी, धाडसी तरुण ऑफिसरला द्यायचे. झेंडा धरणारा तोही एन्साइन. मग हळूहळू झेंडा प्रत्यक्ष धरो न धरो, ऑफिसर लोकांतली सगळ्यात खालची पायरी म्हणजे एन्साइन असं ठरून गेलं. ब्रिटिश पायदळात ही रँक १८७१ पर्यंत होती, नंतर तिच्या जागी सेकंड लेफ्टनंट आला. घोडदळात हेच काम करणाऱ्याला कॉर्नेट म्हणायचे, आणि तेही नाव झेंड्यावरूनच पडलेलं.

अमेरिकन नेव्हीने ही रँक १८६२ मध्ये घेतली आणि ती आजही आहे. तिथे नवीन कमिशन झालेला ऑफिसर म्हणजे एन्साइन, बाहीवर एक सोनेरी पट्टी आणि वर एक चांदणी, खाकी शर्टच्या कॉलरवर एक सोनेरी आडवी पट्टी. फ्रेंच नौदलातही आन्सेन्य द व्हेसो म्हणून ज्युनिअर ऑफिसर असतो.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे एकट्या इंग्रजीत झालेलं नाही. जर्मनमध्ये फाने म्हणजे झेंडा आणि फेनरिश म्हणजे ज्युनिअर रँक. रशियनमध्ये प्रापोर म्हणजे झेंडा आणि प्रापोरश्चिक ही रँक. पोर्तुगीजांत अल्फेरेस, हा शब्द अरबीतल्या "घोडेस्वार" वरून आला पण अर्थ झाला निशाण धरणारा आणि मग कनिष्ठ ऑफिसर. हे अल्फेरेस आपल्या भागात प्रत्यक्ष वावरलेत, ठाणं आणि साष्टी १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत आणि वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत इथल्या पोर्तुगीज फौजेत ही रँक होतीच. आणि आपल्याकडे जरीपटका होता. सरदाराला जरीपटका दिला म्हणजे नुसतं कापड दिलं नाही, मोहिमेचा अधिकार दिला. झेंडा आणि हुद्दा एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत हे आपल्या इतिहासात आधीपासून पक्कं बसलेलं आहे.

वाक्यात अर्थ कसा ओळखायचा

इथे फार डोकं लावायला लागत नाही. एन्साइन चढवला, उतरवला, अर्ध्यावर आणला, फडकतोय, असं काही असेल तर झेंडा. एन्साइनच्या पुढे आडनाव असेल किंवा तो बोलतोय, ड्युटीवर आहे असं असेल तर माणूस. आणि भारतीय नौदलाची बातमी असेल तर अर्थ झेंडाच, डोळे झाकून, कारण आपल्या नौदलात एन्साइन नावाची रँकच नाही. आपल्याकडे ट्रेनिंगमध्ये मिडशिपमन आणि त्यानंतर सब लेफ्टनंट. इंग्रजी बातम्या मराठीत करताना "एन्साइनने सलामी दिली" असं काही दिसलं तर आधी बघा बातमी कुठल्या देशाची आहे.

उच्चार दोन्ही चालतात. ब्रिटिश वळणाची नेव्हीवाली मंडळी झेंड्याला "एन्सन" सारखं काहीतरी म्हणतात आणि अमेरिकन "एन्सिन", मराठीत लिहिताना एन्साइन रूढ झालंय, तेच ठेवा.

जहाजावर नजर कुठे टाकायची

मोऱ्याच्या लाँचवर एका म्हाताऱ्या तांडेलाने मला हे एका ओळीत सांगितलं होतं, "दादूस, बावटा मागं बघाचा, वर नाय." याच्यापेक्षा चांगला नियम मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. आपली नजर आपोआप डोलकाठीवर जाते कारण तिथे रंगीबेरंगी बरंच काही लटकत असतं. पण जहाज कोणाचं हे सांगणारा झेंडा, म्हणजे एन्साइन, बंदरात किंवा नांगरावर असताना जहाजाच्या मागच्या टोकाला एका तिरक्या काठीवर असतो. झेंड्याचं डिझाइन नंतर बघायचं, आधी तो कुठे लावलाय ते बघायचं. जागा कळली की अर्धा अर्थ कळला.

मागे, म्हणजे स्टर्नला: एन्साइन. जहाज कुठल्या देशात रजिस्टर आहे ते. त्याच्याच खाली जहाजाच्या अंगावर नाव आणि त्याखाली बंदराचं नाव रंगवलेलं असतं, ते दोन्ही जुळवून बघायचं. बऱ्याच जहाजांवर तिथेच आयएमओ नंबरही असतो, सात आकडी, तो जहाजाचा जन्मभराचा नंबर, नाव बदललं, मालक बदलला, झेंडा बदलला तरी तो तोच राहतो.

पुढे, नाळेवर: युद्धनौका बंदरात किंवा नांगरावर असेल तर पुढच्या छोट्या काठीवर जॅक नावाचा झेंडा लावतात. आपल्या नौदलात जॅक म्हणजे आपला तिरंगा. म्हणजे आपली युद्धनौका धक्क्याला उभी असेल तर पुढे तिरंगा आणि मागे नौदलाचा पांढरा एन्साइन अशी जोडी दिसते. नौका समुद्रात निघाली की पुढचा जॅक उतरतो आणि एन्साइन मागच्या काठीवरून डोलकाठीकडे जातो, त्यामुळे चालत्या युद्धनौकेवर मात्र वर बघायला लागतं.

डोलकाठीच्या आडव्या दांडीवर, म्हणजे परबाणासारखी जी दांडी असते तिच्यावर: इथे परदेशी व्यापारी जहाज यजमान देशाचा झेंडा लावतं, मान म्हणून, साधारण उजव्या बाजूला. म्हणून जेएनपीटीला उभ्या असलेल्या जहाजावर वर भारताचा झेंडा दिसला म्हणून ते जहाज भारतीय असं समजू नका. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. तो पाहुण्याने केलेला नमस्कार आहे, पाहुण्याचं स्वतःचं नाव मागे लिहिलेलं आहे.

त्याच दांडीवर सिग्नलचे बावटेही लागतात. सगळे चाळीस पाठ करायची गरज नाही, आपल्या बंदरात उपयोगी पडणारे थोडेच आहेत. पूर्ण लाल बावटा म्हणजे धोकादायक माल चढतोय, उतरतोय किंवा जहाजात आहे, जवाहर द्वीपाकडे तेलाची टँकर जहाजं लागतात तिथे हा हमखास दिसतो. अर्धा पांढरा अर्धा लाल, उभे भाग, म्हणजे पायलट, बंदरात जहाजाला वाट दाखवणारा माणूस, जहाजावर आहे. पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचा म्हणजे पायलट पाहिजे. नुसता पिवळा म्हणजे जहाजावर सगळे ठणठणीत आहेत, बंदरात यायची आरोग्याची परवानगी द्या. निळा आणि मधोमध पांढरा चौकोन म्हणजे सगळ्यांनी जहाजावर या, निघायची वेळ झाली.

आणि हो, आपल्या कोळीवाड्यांत "तीन नंबरचा बावटा लागला" म्हणतात तो यातला नाही. तो बंदरावर लावलेला वादळाचा इशारा, जहाजावरचा झेंडा नव्हे. नाव बावटा असलं तरी दिवसा तिथे शंकू आणि नळकांड्यासारखे आकार टांगतात आणि रात्री दिवे लावतात.

रंगावरून ओळख

जागा कळली, आता कापड. ब्रिटिश आरमार पूर्वी तीन भागांत वाटलेलं असायचं, लाल, पांढरा, निळा, आणि प्रत्येक भागाचा एन्साइन त्या रंगाचा. १८६४ मध्ये ही वाटणी बंद केली आणि रंग वाटून टाकले, पांढरा आरमाराला, लाल व्यापारी जहाजांना, निळा सरकारी कामाच्या जहाजांना. हीच रीत आपल्याकडे आली आणि टिकली. आपल्याकडे नौदलाचा एन्साइन पांढरा, भारतात रजिस्टर असलेल्या व्यापारी जहाजाचा लाल आणि कोपऱ्यात तिरंगा, कोस्ट गार्डचा निळा आणि कोपऱ्यात तिरंगा व बाजूला त्यांचं चिन्ह. तिन्हींमध्ये काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा आहे म्हणून लांबून गडबड होते, त्यामुळे कोपरा बघू नका, मैदान बघा, म्हणजे उरलेल्या कापडाचा रंग बघा.

लाल कापड आणि कोपऱ्यात ब्रिटिश युनियन जॅक असेल तर ब्रिटन किंवा बर्म्युडा, केमन, आइल ऑफ मॅन असं त्यांच्यापैकी कुणीतरी, उजवीकडच्या शिक्क्यावरून कुठलं ते ठरतं. लाल कापडावर मधोमध पांढऱ्या कड्याच्या आत पांढरी चंद्रकोर आणि पाच चांदण्या असतील तर सिंगापूर. चीनचा झेंडा आणि त्याखाली हाँगकाँगचा असे दोन एकाखाली एक असतील तर हाँगकाँगमध्ये रजिस्टर. अमेरिकेसारख्या लाल-पांढऱ्या पट्ट्या पण निळ्या कोपऱ्यात एकच मोठी चांदणी, तो लायबेरिया आणि खाली बंदराचं नाव मनरोव्हिया. चार खण, दोन पांढरे एक लाल एक निळा, पांढऱ्या खणांत एकेक चांदणी, तो पनामा. निळ्यावर तिरक्या जात रुंद होणाऱ्या केशरी आणि पांढऱ्या पट्ट्या, तो मार्शल आयलंड्स, बंदर माजुरो.

एवढ्या छोट्या देशांची एवढी जहाजं कशी असा प्रश्न पडणारच. मालक ग्रीक असेल, जपानी असेल, भारतीयही असेल, पण करात आणि नियमांत सवलत मिळते म्हणून जहाज तिथे रजिस्टर करतात. जहाजावर काय कायदा चालणार, खलाशाचं भांडण कुठे न्यायचं, अपघाताची चौकशी कोणी करायची, हे बऱ्याच अंशी त्या मागच्या कापडावर ठरतं. घरातला कोणी मर्चंट नेव्हीत असेल तर त्याच्या जहाजाचा झेंडा कुठला हे माहीत असणं खरंच कामाचं आहे, नुसती हौस म्हणून नाही. जॉइन होण्याआधी विचारून लिहून ठेवा, नाव, आयएमओ नंबर आणि झेंडा, तिन्ही.

मुंबईत परदेशी युद्धनौकाही येऊन जातात. अमेरिका आणि फ्रान्सच्या युद्धनौकांचा एन्साइन म्हणजे त्यांचा राष्ट्रध्वजच. जपानच्या नौकेवर सूर्याबाहेर पसरणारे लाल किरण असतात, त्यांच्या व्यापारी जहाजावर मात्र साधा लाल गोल. रशियन नौकेवर पांढऱ्यावर निळी तिरकी फुली. ब्रिटनचा पांढऱ्यावर लाल सरळ क्रॉस आणि कोपऱ्यात युनियन जॅक.

आपल्या नौदलाचा एन्साइन कसा बदलत गेला

हा इतिहास जुने फोटो बघताना फार उपयोगी आहे, झेंड्यावरून फोटोचं साल काढता येतं. स्वातंत्र्याआधी रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजांवर ब्रिटिश पांढरा एन्साइन होता. २६ जानेवारी १९५० पासून कोपऱ्यातला युनियन जॅक गेला आणि तिरंगा आला, पण लाल क्रॉस तसाच राहिला. १५ ऑगस्ट २००१ ला क्रॉस काढला आणि पांढऱ्यावर नौदलाचं निळं बोधचिन्ह आलं. पण समुद्र निळा, आकाश निळं, त्यात ते निळं चिन्ह लांबून उठून दिसेना अशी तक्रार होती, आणि एन्साइनचं काम तर लांबून दिसणं हेच आहे. म्हणून २००४ मध्ये क्रॉस परत आला, मधोमध अशोकस्तंभाच्या सिंहमुद्रेसह. २०१४ मध्ये त्याखाली "सत्यमेव जयते" आलं.

मग २ सप्टेंबर २०२२, कोची, विक्रांत. क्रॉस पूर्ण गेला. आता पांढरं कापड, कोपऱ्यात तिरंगा, आणि उजवीकडे गडद निळा अष्टकोन, त्याला दोन सोनेरी कडा. आत सिंहमुद्रा, ती नांगरावर बसवलेली, मागे ढाल, आणि ढालीखालच्या पट्टीवर "शं नो वरुणः". तो अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलाय आणि आठ बाजू म्हणजे आठ दिशा.

ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला यात स्वतःचं काही वाटावं असं बरंच आहे. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांचं आरमार बांधायला सुरुवात झाली ती कल्याणच्याच खाडीच्या काठावर, आज जिथे दुर्गाडी किल्ला आहे त्या परिसरात. नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही बोटही संग्रहालयासाठी कल्याणला द्यायचं ठरलं ते याच नात्याने. म्हणजे कोचीला फडकलेल्या झेंड्यावरच्या अष्टकोनाचा एक धागा उल्हास नदीच्या खाडीपर्यंत येतो. मला हे वाचताना खरंच भरून आलं होतं आणि मुलांना तो झेंडा दाखवताना ही गोष्ट सांगितलीच पाहिजे असं मला वाटतं.

आता खांदे आणि बाह्या

झेंडा आणि ऑफिसर यांचं नातं फक्त एन्साइनमध्ये नाही, वरच्या टोकालाही आहे. फ्लॅग ऑफिसर म्हणजे ज्याला स्वतःचा झेंडा लावायचा हक्क आहे असा ऑफिसर, आणि तो ज्या जहाजावर झेंडा लावतो ते फ्लॅगशिप. आपल्या नौदलात रिअर ॲडमिरल आणि त्याच्या वरचे. युद्धनौकेच्या डोलकाठीवर एरवी एक लांब अरुंद पताका असते, नौका सेवेत आहे याची खूण, आणि फ्लॅग ऑफिसर नौकेवर आपला झेंडा लावतो तेव्हा ती उतरून त्याचा झेंडा चढतो. वारीत दिंडीच्या पुढे पताका दिसली की मागे माणसं कोण आहेत ते कळतं, तसंच इथे वर बघितलं की आत कोण आहे ते कळतं.

ॲडमिरल शब्द अरबी "अमीर-अल-" वरून, अमीर म्हणजे हुकूम देणारा. व्हाइस आणि रिअर हे जुन्या आरमाराच्या रचनेतून आले, मधल्या भागात ॲडमिरल, पुढच्या भागात व्हाइस ॲडमिरल, पिछाडीला रिअर ॲडमिरल. शिडाच्या जहाजावर तर कुठल्या डोलकाठीवर झेंडा आहे यावरूनच रँक कळायची, मधल्या मोठ्या काठीवर असेल तर ॲडमिरल, पुढच्या काठीवर व्हाइस, मागच्या काठीवर रिअर. म्हणजे तिथेही जागा आधी, कापड नंतर. आपल्याकडे दर्यासारंग होते, आणि आंग्र्यांकडे सरखेल हा किताब होता, कान्होजी आंग्रे सरखेल म्हणूनच ओळखले गेले.

रँक ओळखायची सोपी रीत म्हणजे सोनेरी पट्ट्या मोजणं. सगळ्यात वरच्या पट्टीला गोल वळसा असतो. वळशासकट एक पट्टी सब लेफ्टनंट, दोन लेफ्टनंट, दोन जाड आणि मध्ये एक बारीक लेफ्टनंट कमांडर, तीन कमांडर, चार कॅप्टन. त्याच्या पुढे मोजणी बदलते, एक खूप रुंद पट्टी येते. नुसती ती आणि वळसा म्हणजे कमोडोर, रुंद पट्टीवर एक साधी रिअर ॲडमिरल, दोन व्हाइस ॲडमिरल, तीन ॲडमिरल. हे बाहीवर बघावं. ॲडमिरल लोकांच्या खांद्यावरची पट्टी वेगळी असते आणि तिचं डिझाइन २०२३ च्या डिसेंबरमध्ये बदललंय, त्यात अष्टकोन आहे, तलवार आहे, दुर्बीण आहे आणि रँकप्रमाणे तारे. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गला झाला तेव्हा या बदलाची आणि रँकना भारतीय नावं देण्याची घोषणा झाली होती.

एसएसबीवाल्या पोरांनो, हे नीट लक्षात ठेवा. नौदलाचा कॅप्टन आणि आर्मीचा कॅप्टन एक नाहीत. नौदलाचा कॅप्टन म्हणजे आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि आर्मीच्या कॅप्टनच्या बरोबरीला नौदलात लेफ्टनंट येतो. लेफ्टनंटचंही तसंच, आर्मीचा लेफ्टनंट बरोबर नौदलाचा सब लेफ्टनंट. अमेरिकेचा एन्साइन म्हणजे त्यांच्या ऑफिसरांतली पहिली पायरी, त्यामुळे आपल्याकडे त्याच्याजवळ जाणारा सब लेफ्टनंटच. एन्साइनचं भाषांतर "लेफ्टनंट" असं केलेलं दिसलं तर ते चुकीचं आहे.

नेरुळ-सीवूड्स भागात पांढऱ्या युनिफॉर्ममधली पोरं दिसतात, करावेला टी. एस. चाणक्य आहे आणि शिवाय बऱ्याच मरीन इन्स्टिट्यूट आहेत, ती बहुतेक मर्चंट नेव्हीची कॅडेट असतात. त्यांच्या खांद्यावरही सोनेरी पट्ट्या असतात पण गोल वळशाऐवजी बहुतेक वेळा चौकटच्या पानासारखा आकार असतो. कोस्ट गार्डच्या रँकची नावंच वेगळी, असिस्टंट कमांडंट, डेप्युटी कमांडंट, कमांडंट आणि वर डीआयजी, आयजी.

कुठून, कधी, कसं बघायचं

नेरुळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल धरा, जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते. स्टेशनवरून रिक्षाने मोरा, आणि मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच. वेळा ओहोटीला मागेपुढे होतात कारण मोऱ्याला गाळ आहे, जेट्टीवर आधी विचारून घ्या. लाँच निघाली की घारापुरी उजव्या हाताला येते, तिकडेच जवाहर द्वीप दिसतं, आणि मधल्या पाण्यात नांगर टाकलेली जहाजं. अटल सेतूवरूनही छान दिसतात पण तिथे गाडी थांबवायला बंदी आहे, तेव्हा ते चालवणाऱ्याने सोडूनच द्या.

सकाळी जा. सूर्य पाठीशी असतो आणि मोऱ्याहून मुंबईकडे बघताना जहाजांवर उजेड पडतो, संध्याकाळी त्याच जहाजांची नुसती काळी आकृती दिसते आणि झेंड्याचा रंग काही केल्या कळत नाही. दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. एका नांगरावर उभं असलेलं जहाज पाण्याच्या ओढीला तोंड देऊन फिरतं. भरतीचं पाणी आत यायला लागलं की नाळ समुद्राकडे आणि मागची बाजू आपल्या खाडीकडे होते, ओहोटीला बरोबर उलटं. म्हणजे एन्साइन आणि जहाजाचं नाव आपल्या बाजूने वाचायचं असेल तर भरती चालू असताना निघा, वारा फार जोरात नसेल तर हे चुकत नाही.

दुर्बीण घ्यायची तर सात बाय पन्नासची घ्या. लाँच हलते, इंजिनचा थरथराट असतो, जास्त पॉवरच्या दुर्बिणीत सगळं नाचतं. कठड्याला टेकू नका, कोपर अंगाला चिकटवून उभे राहा. आधी मागच्या काठीवर नेम धरा. बऱ्याचदा तिथलं कापड चिमणीच्या धुराने काळवंडलेलं आणि कडेने विरलेलं असतं, लाल रंग विटकरी झालेला असतो, वारा पडला असेल तर नुसतं गुंडाळून लोंबत असतं. अशा वेळी झेंड्याच्या नादाला न लागता खाली रंगवलेलं बंदराचं नाव वाचा. मग वर दांडीवर या, बावटे बघा. वहीत किंवा मोबाइलमध्ये जहाजाचं नाव लिहा आणि घरी येऊन मरीन ट्रॅफिकसारख्या ॲपवर टाकून बघा, झेंडा कुठला ते तिथे लगेच कळतं. आधी स्वतः ओळखायचं, मग ॲप उघडायचं, नाहीतर काही शिकायला होत नाही. युद्धनौका मात्र या ॲपवर बहुतेक वेळा दिसत नाहीत.

युद्धनौका जवळून बघायच्या तर डिसेंबर. १९७१ मध्ये कराचीवर हल्ला केला तो दिवस, ४ डिसेंबर, नौदल दिन. त्या सुमारास काही नौका शाळांच्या मुलांसाठी किंवा लोकांसाठी खुल्या करतात, त्याची सूचना पेपरात येते, ओळखपत्र लागतं. गेटवेला बँड आणि कवायतीचा कार्यक्रमही होतो. नौकेवर जायला मिळालं तर एक लक्षात ठेवा, नौदलाची माणसं चढताना मागच्या डेककडे तोंड करून सॅल्यूट करतात. आपण सॅल्यूट करायचा नाही, क्षणभर सरळ उभं राहायचं, बस. सकाळी आठला एन्साइन चढवतात आणि सूर्यास्ताला उतरवतात, तेव्हा धक्क्यावर चालत असाल तर थांबायचं, बोलणं बंद करायचं, कार्यक्रम संपल्याची शिट्टी वाजली की पुढे.

फोटोचं मात्र सांभाळा. व्यापारी जहाजांचे काढले तर कोणी काही म्हणत नाही, पण भाऊच्या धक्क्याकडे येताना डाव्या हाताला लांब नौदलाची गोदी दिसते तिचे, आणि उरणला करंजाच्या बाजूला नौदलाचा भाग आहे तिथले, फोटो किंवा व्हिडिओ काढायचे नाहीत. मुलं सोबत असतील तर लाँच निघायच्या आधीच त्यांना सांगून ठेवा.